‘तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिहून घे’

ताई, नमस्कार.

मी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका नदीकाठच्या तालुक्यात, पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे. वय 34. नोकरीला नऊ वर्षं झाली, त्यातली सात बारनिशीवर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाच्या नोंदीच्या टेबलावर. मध्ये दोनदा टेबल बदलाचा आदेश निघाला, पण ‘बारनिशी दुसरं कोण बघणार’ म्हणून मी परत तिथंच आले.

पुढच्या महिन्यात पंचायत समित्यांच्या संघांची एक दिवसाची स्पर्धा आहे. संघात सहा जण, सगळे वेगवेगळ्या विभागांतले. सकाळी एका काल्पनिक तालुक्याची माहिती हातात देणार आणि दिवसभर त्यावर कामं सोडवायची: पुराचं नियोजन, निधीचं वाटप, लोकांच्या तक्रारींना उत्तरं, संध्याकाळी अधिकाऱ्यांपुढं सादरीकरण. बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांनी माझं नाव घातलंय. बाकी विस्तार अधिकारी, शाखा अभियंता, लेखा शाखेतले एक जण, एक ग्रामपंचायत अधिकारी आणि आरोग्यातल्या एक मॅडम आहेत. पहिल्याच बैठकीत विस्तार अधिकारी म्हणाले, “तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिहून घे.” सगळे हो म्हणाले. मीही म्हणाले.

शेजारच्या टेबलावरचे अण्णा म्हणतात, “काय मिळणार हाय तुला त्यात? प्रमोशन सिनिऑरिटीनंच होतंय. टपाल साठंल तेवढं.” घरी मिस्टरांची हरकत नाही, पण मुलगा दुसरीत आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. मला चारचौघांत बोलायची भीती वाटते. खरं सांगायचं तर बारनिशीपलीकडं मला काही येतच नाही. जाऊ, की नाव काढून घेऊ?

– तुमची एक वाचक

*

बाळ,

जा. नाव काढून घेऊ नकोस. पण ‘लिहून घेणारी’ म्हणून जाऊ नकोस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्याच ओळीवर अडले. सगळे हो म्हणाले, मीही म्हणाले. ही ओळ माझ्या ओळखीची आहे.

मी 1988 साली लिपिक म्हणून लागले आणि तेहतीस वर्षांनी निवृत्त झाले. माझंही अक्षर चांगलं होतं. नोकरीच्या आठव्या-नवव्या वर्षी एका मोठ्या बैठकीत आमच्या कार्यालयाच्या करवसुलीचं सादरीकरण होतं. तेव्हा पीपीटी नव्हतं, ओव्हरहेड प्रोजेक्टर होता. त्याच्या पारदर्शक पट्ट्यांवर सगळे तक्ते हातानं लिहायचे. तीन रात्री बसून मी ते लिहिले. आकडे माझे, बेरजा माझ्या, अक्षर माझं. बैठकीच्या दिवशी पुढं तिघे साहेब उभे आणि मी शेवटच्या रांगेत, पट्ट्या क्रमानं लावून देण्यापुरती. मध्येच वरिष्ठांनी विचारलं, “या गावाची वसुली गेल्या वर्षीपेक्षा एवढी घसरली कशी?” पुढं कुणालाच सांगता येईना. एकानं पावसाचं कारण दिलं, दुसऱ्यानं ग्रामसेवकाचं नाव घेतलं.

मला उत्तर माहीत होतं. त्या गावात चार वर्षांनी करायची फेरआकारणी नुकतीच झाली होती. कर आकारणीची नोंदवही, नमुना 8, बदलली, त्यामुळं नमुना 9 मधली मागणी, म्हणजे वसूल करायची रक्कम, वाढली. वसुलीचे रुपये आधीच्या वर्षीपेक्षा जास्तच होते. भागायचा आकडा मोठा झाला म्हणून टक्का खाली आला. दोन वाक्यांचं उत्तर होतं, आणि मी उठले नाही. त्या ग्रामसेवकाला नंतर खुलासा द्यावा लागला. त्याचा काही दोष नव्हता, हे त्या सभागृहात एकट्या मला ठाऊक होतं.

त्याला आता तीस वर्षं होत आली. ती खुर्ची, तो पंखा, हातातल्या पट्ट्या, सगळं अजून जसंच्या तसं दिसतं. म्हणून तुला आधी हे सांगते आणि स्पर्धेचं नंतर.

लिहून घेणं हे काम हलकं नाही. पण लिहून घेणाऱ्या माणसाला बोलायला सवड राहत नाही. बाकीचे पाच जण वाद घालतात, निर्णय घेतात, चुकतात, सुधारतात. त्या चुकण्या-सुधारण्यातच सगळं शिकणं असतं, आणि लिहिणारीच्या हाती उरतो त्याचा निकाल. आपल्या कार्यालयांत हे काम बहुतेक वेळा बाईकडं येतं. त्याच्या पाठोपाठ चहा सांगायचं, हजेरीचा कागद फिरवायचं, प्रमाणपत्रांवरची नावं तपासायचं कामही तिच्याकडंच येतं. कुणी वाईट बुद्धीनं करत नाही. पडलेली वहिवाट आहे. ती मोडायला भांडण लागत नाही. पुढच्या बैठकीत एवढंच म्हण, “साहेब, लिहायचं काम आपण फिरतं ठेवू. एका कामाला मी लिहीन, पुढच्याला दुसरं कोणीतरी.” विस्तार अधिकारी वयानं आणि पदानं मोठे आहेत, तेव्हा हे आधी एकट्यात जाऊन त्यांच्या कानावर घाल. सगळ्यांसमोर एकदम काढलंस तर त्यांना ते लागेल आणि पुढचे तीन आठवडे त्यातच जातील.

आता, ‘बारनिशीपलीकडं मला काही येत नाही’ हे तुझं वाक्य. ते मला मान्य नाही.

सात वर्षं तालुक्याचं सगळं टपाल तुझ्या हातातून गेलंय. कुठल्या गावातून पाण्याच्या तक्रारी मार्चपासूनच सुरू होतात, कुठलं पत्र बांधकामाकडं पाठवलं की तिथून पाणीपुरवठ्याकडं जातं आणि महिन्यानं परत बांधकामाकडं येतं, कोणत्या विभागाकडं स्मरणपत्र तीनदा गेल्याशिवाय फाईल हलत नाही, हे तुझ्याइतकं तुमच्या संघात कुणालाही सांगता यायचं नाही. शाखा अभियंत्याला त्याचे रस्ते माहीत, लेखावाल्याला त्याची लेखाशीर्षं. एका विभागाच्या कागदाचं दुसऱ्या विभागात काय होतं, हे बारनिशीला दिसतं. शाहू स्टेडियमवर सामना बघायला कधी गेली असशील तर गोलकीपरकडं बघ. बॉल लांब असतो तेव्हा तो ओरडत असतो, “डावीकडं मोकळा हाय, डावीकडं!” अख्खं मैदान समोर दिसणारा तो एकटाच असतो. तुझी जागा ती आहे. फक्त तू आजवर ओरडली नाहीस.

या स्पर्धेतून खरंच काही मिळतं का, हा अण्णांचा प्रश्न. स्पर्धेचं मी नंतर सांगते. माझं स्वतःचं सगळ्यात मोठं शिक्षण कुठं झालं ते आधी ऐक.

2019 चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आणि 2021 च्या जुलैत पुन्हा गेलं. 2019 ला मी अशाच एका नदीकाठच्या तालुक्यात होते. रात्री एक वाजता कंट्रोल रूमचा फोन आला: अमुक गावातून आधी कुणाला काढायचं ते सांगा, बोट एकच आहे.

साधा प्रश्न होता. उत्तरासाठी मात्र चार याद्या लागत होत्या. कोणती घरं सखल भागात, ते ग्रामपंचायतीच्या दप्तरावरून कळणार. दिवस भरलेल्या बायका किती आणि कोणत्या गल्लीत, ते आरोग्य सेविकेच्या नोंदवहीत. शाळेच्या किती खोल्या वरच्या अंगाला आणि कोरड्या, ते गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं. आणि चौथी यादी, जिच्यावाचून पहिल्या तिन्ही निरुपयोगी, ती पशुसंवर्धनाकडं: गोठ्यात जनावरं किती. आपल्या भागातला माणूस म्हशी सोडून बोटीत चढत नाही. म्हशींची सोय कुठं केलीय ते सांगितलं की मग तो घरातल्या म्हातारीला बोटीत बसवतो. ज्यानं नुसती माणसांची संख्या धरून नियोजन केलं, त्याची बोट दोन-दोन फेऱ्या रिकामी परत आली.

त्या चारही याद्या आमच्या एकाच इमारतीत, चार दारांआड होत्या. एकत्र कुणीच बघितल्या नव्हत्या. मी एकतीस वर्षं नोकरी केलेली, सगळ्यांना नावानिशी ओळखणारी. पण ती ओळख चहाच्या टपरीवरची. कुणाकडं कोणती नोंदवही असते, ती किती दिवसांनी भरली जाते, त्यातल्या कोणत्या रकान्यावर भरवसा ठेवायचा, हे मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री बॅटरीच्या उजेडात आम्ही सहा-सात जण एका टेबलाभोवती बसलो आणि चारही याद्या एका मोठ्या कागदावर उतरवल्या. पुढच्या चार दिवसांत मी जेवढं प्रशासन शिकले, तेवढं आधीच्या पंधरा वर्षांत शिकले नव्हते.

तुमची स्पर्धा म्हणजे त्या रात्रीची बैठक आहे. तीच घाई, तेच सहा विभाग, तीच अपुरी माहिती. फरक एवढाच की दाराशी पाणी नाही आणि चुकलं तर कुणाचा जीव जात नाही. अशी बैठक कोरड्या जमिनीवर करून बघायची संधी मला मिळाली असती तर 2019 ला त्या दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या नसत्या, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडं स्पर्धा नव्या नाहीत. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000 साली सुरू झालं तेव्हा आम्ही खराटे घेऊन गावोगाव गेलोय. 2020 ला माझी वसुंधरा आलं, 2025 ला मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान. पण त्या सगळ्या गावांच्या, संस्थांच्या स्पर्धा. बक्षीस गावाला आणि ते योग्यच. कर्मचाऱ्यांच्या म्हणून ज्या स्पर्धा होतात त्या क्रिकेट, कबड्डी, गाणी, नाटकं अशा. त्याही हव्यात. पण कर्मचाऱ्याच्या रोजच्या कामाचीच, विचार करण्याचीच स्पर्धा, हे आपल्याला तितकं सवयीचं नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये हे पूर्वीपासून आहे. ‘ऑस्ट्रेलेशियन मॅनेजमेंट चॅलेंज’ नावानं तिथल्या स्थानिक संस्थांचे सहा-सहा जणांचे संघ उतरतात आणि खऱ्या कार्यालयात येतात तशी कामं घड्याळ लावून सोडवतात. तिथल्या संस्थांची कामं, कायदे, पैसा सगळं वेगळं, त्यामुळं तुलना करत बसण्यात अर्थ नाही. पण वेगवेगळ्या विभागांची माणसं एका संघात घालायची, ही त्यातली खरी गोम आहे आणि तुमच्या स्पर्धेनं ती बरोबर उचललीय.

तेव्हा तुझ्याकडं जे तीन आठवडे आहेत ते बोलण्याचा सराव करण्यात घालवू नकोस. दुसऱ्याच्या टेबलाजवळ जाऊन बस. रोज कार्यालय सुटल्यावर अर्धा तास, आज लेखा, उद्या बांधकाम, परवा आरोग्य. वही घेऊन जा आणि त्यांना एकच विचार: “तुमच्याकडं आलेलं काम सगळ्यात जास्त कशानं अडतं?” काम कसं करता असं विचारलंस तर ते शासन निर्णय सांगत बसतील. काय अडतं म्हटलं की खरं बोलतात.

लेखावाल्यांकडं जाशील तेव्हा निधीचं नीट समजून घे, कारण निधीवाटपाच्या कामात संघ हमखास घसरतात. पंधराव्या वित्त आयोगाचंच घे. 2021-26 च्या काळासाठी ग्रामपंचायतीच्या निधीत 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित. बंधित म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता, तिथंच खर्च करायचा. समजा तुम्हाला दिलेल्या कागदात गावाची मागणी रस्त्याची आहे, सरपंचाचा आग्रह आहे, ग्रामसभेचा ठरावही आहे, आणि शिल्लक दिसतीय ती सगळी बंधित. घाईत असलेला संघ रस्ता मंजूर करून मोकळा होतो. तसंच ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचं. त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी आधी बाजूला काढायचे असतात. उरलेल्यातून बाकीचं. हे अंदाजपत्रक मांडताना तुमच्या संघात कुणीतरी ‘आधी 30 टक्के काढा’ असं म्हणायला हवं. ते तू म्हण. लेखावाले म्हणतीलच, पण तू म्हणालीस तर त्यांना कळेल की संघात आणखी एक जण हिशोब बघतंय.

तुमच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (2024 ला नाव बदललं तरी माझ्या तोंडात ग्रामसेवकच येतं) फार जपा. गावात निर्णय पोचल्यावर त्याचं काय होतं ते त्यांनाच माहीत असतं, आणि तालुक्याच्या बैठकीत सगळ्यात कमी बोलणारा माणूसही बहुधा तोच असतो. त्यांना मुद्दाम विचारत जा, “भाऊ, हे गावात चालंल का?” तुमचे निम्मे हवेतले बेत या एका प्रश्नानं जमिनीवर येतील.

तक्रारींना उत्तरं लिहायचं काम मात्र तू मागून घे. इथं लिहिणं म्हणजे लिहून घेणं नव्हे, हा फरक लक्षात ठेव. सात वर्षं तू लोकांचे अर्ज पहिल्यांदा वाचतेस. आणि त्यांना जाणारी उत्तरंही जावकला नोंदवतेस, म्हणजे आपण कसली उत्तरं देतो तेही तुला माहीत आहे. ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ इथून सुरुवात होते आणि अर्जदाराला काय करायचं ते शेवटपर्यंत कळत नाही. राजभाषा मराठी व्हावी म्हणून आपण 1964 ला अधिनियम केला, आणि कार्यालयात मराठी आणली ती म्हातारीला वाचून दाखवली तरी कळणार नाही अशी. स्पर्धेत एका अर्जाला तरी असं उत्तर लिही: तुमचा अर्ज मिळाला, तुमचं काम या कारणानं थांबलंय, हा कागद आणा, या तारखेपर्यंत होईल, नाही झालं तर अमक्याकडं अपील करा. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमानं अधिसूचित सेवांसाठी मुदत आणि अपील दोन्ही दिलंय, ते उत्तरात उतरलंच पाहिजे. परीक्षक कोण असतील मला कल्पना नाही. पण ज्यानं कधी जनतेच्या रांगेसमोर खुर्ची टाकून काम केलंय, तो असं उत्तर वाचून थांबेल.

बोलायच्या भीतीचं. तू खिडकीशी आलेल्या माणसाला दिवसातून वीस वेळा समजावून सांगतेस ना? “मामा, हा दाखला इथला नव्हं, तहसीलला जावा, सोबत आधारची झेरॉक्स न्या.” त्या आवाजात बोल. सादरीकरणात तुला फक्त दोन मिनिटं माग, आणि त्यात तोच भाग माग जो तू स्वतः सोडवलाय. पाठ केलेलं विसरतं, केलेलं विसरत नाही. सासूबाईंना समोर बसवून सांगून बघ. त्यांना कळलं तर साहेबांनाही कळेल. इंग्रजी शब्द घालायची अजिबात गरज नाही.

अण्णांचं म्हणणं खोटं नाही, हेही सांगायला हवं. पदोन्नती ज्येष्ठता यादीनं होते, आणि एका ढालीनं तुझा क्रमांक वर सरकणार नाही. वेतनवाढ मिळेल असंही कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. पण अण्णांना एक विचार. ज्येष्ठतेनं वरिष्ठ सहायक झालेली, पुढं कार्यालयाची जबाबदारी अंगावर आलेली माणसं त्यांनीही बघितलीत. वीस वर्षं एकाच टेबलावर काढून अचानक पंधरा टेबलांवर सही करायची वेळ आली की त्यातल्या कितीजणांची झोप उडते? मी बघितलंय. चांगली, प्रामाणिक माणसं, आणि समोर आलेली टिप्पणी खरी की खोटी हे कळत नाही म्हणून प्रत्येक फाईलवर ‘चर्चा करावी’ लिहून परत पाठवणारी. पदोन्नतीची तारीख आपोआप येते. त्या तारखेपर्यंत बाकीची टेबलं शिकून ठेवायची सोय मात्र कार्यालय आपणहून करत नाही. तुला ती एक महिन्यासाठी मिळतीय. खात्यांतर्गत परीक्षा द्यायचा विचार कधी मनात आला तर त्यालाही हाच अभ्यास कामी येईल.

कागदाचं मात्र पक्कं कर, कारण नंतर धावपळ तुझीच होणार. स्पर्धेच्या दिवसाचा लेखी आदेश हवा, तोंडी नको. हजेरीपटावर त्या दिवशी कर्तव्यावर अशी नोंद हवी, किरकोळ रजा टाकून जायचं नाही. बारनिशीचा त्या दिवसाचा कार्यभार कुणाकडं, ते आदेशातच नावानं येऊ दे. म्हणजे टपाल साठायचा प्रश्न अण्णांच्या तोंडी राहणार नाही. मिळालेल्या प्रमाणपत्राची प्रत वैयक्तिक नस्तीला लाव, आणि वर्षअखेरीला कार्यमूल्यमापन अहवाल भरताना केलेल्या कामाच्या रकान्यात ते लिही. आपल्या बायका तिथं ‘नेमून दिलेली कामे केली’ एवढंच लिहितात. नेमून न दिलेलंही खूप केलेलं असतं.

घरचं तू निभावशील. एक दिवसाचा प्रश्न आहे आणि मिस्टरांची हरकत नाही म्हणतेस, तर त्या दिवशी पोराचा डबा आणि शाळा त्यांच्याकडं दे. नुसती हरकत नसणं पुरेसं नसतं, हे त्यांनाही कळू दे.

स्पर्धेच्या दिवसाबद्दल एवढंच. पहिला कागद हातात आला की सगळे लिहायला धावतील. तू म्हण, “आधी दहा मिनिटं सगळ्यांनी सगळं वाचू या.” असल्या कामात माहिती मुद्दाम विखरून ठेवलेली असते. पान दोनवरच्या पत्राचं उत्तर पान नऊवरच्या तक्त्यात सापडतं. पानं एकमेकांना जोडून वाचायची सवय तुझ्याइतकी कुणाला नाही. आणि विस्तार अधिकारी एखाद्या ठिकाणी ठाम चुकत असतील, तुला खरं माहीत असेल, तर उठ. आवाज कापला तरी चालेल. ‘साहेब, एक मिनिट, हा आकडा वेगळा दिसतोय’ एवढं म्हणायला धीटपणा लागत नाही, कागदावर बोट ठेवावं लागतं.

नंतरचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नंबर आला तर फोटो निघेल, सत्कार होईल, ग्रुपवर अंगठे पडतील. नाही आला तर सोमवारी सगळे आपापल्या टेबलावर गप्प जाऊन बसतील. दोन्ही वेळेला सहा जणांचा तो संघ तिथंच विरून जाण्याची भीती आहे. म्हणून आत्ताच बीडीओ साहेबांना सांगून ठेव की स्पर्धेनंतर आठवड्याच्या आत आम्हा सहा जणांना तुमचा अर्धा तास हवा. त्या अर्ध्या तासात एकच खरं काम समोर ठेवा. तुमचा तालुका नदीकाठचा आहे. सखल घरं, दिवस भरलेल्या बायका आणि अंथरुणाला खिळलेली माणसं, कोरड्या खोल्या, जनावरं, या चार याद्या पूररेषेतल्या प्रत्येक गावासाठी एका कागदावर आणा आणि दर मे महिन्यात ताज्या करायचं ठरवा. चारही विभागांची माणसं तुमच्या संघात नाहीत, पशुसंवर्धन आणि शिक्षण बाहेर राहतंय, त्यांना बोलावून घ्या. ती यादी सांभाळायची जबाबदारी बारनिशीनं घ्यावी असं कुणी म्हणालं तर हो म्हण. हे लिहून घेणं वेगळं आहे. तुझ्या हातात तालुका असेल.

सुरुवात आरोग्यातल्या मॅडमपासून कर. उद्या दुपारी डबा घेऊन त्यांच्याकडं जा आणि विचार, सेविकेची नोंदवही तालुक्याला महिन्यातून किती वेळा येते आणि मधल्या दिवसांत कुणाच्या फोनवर असते. त्या काय म्हणाल्या ते मला लिहून कळव. त्या अक्षरात, चांगलं आहे म्हणतात ते.

तुझी,
ताई